कुलवृत्तांतांतील एक ओळ

गेल्या महिन्यांत पुण्याहून एका वयोवृद्ध वाचकांचें लांबलचक पत्र आलें. त्यांच्या घराण्याचा कुलवृत्तांत पूर्वीं एकदां छापला गेला असून आतां त्याची नवी आवृत्ति काढण्याचें काम त्यांनीं शिरावर घेतलें आहे. नोकरींतून मोकळे झाल्यापासूनचीं सारीं वर्षें त्यांनीं या कामीं वेंचलीं. गांवोगांव पत्रें पाठविलीं, तुटलेल्या शाखा जोडल्या, मूळ पुरुषापासूनच्या पिढ्या ताडून पाहिल्या. परदेशांत स्थायिक झालेल्या पतवंडांचे पत्तेहि मिळविले. इतकें झाल्यावर ते एका ओळीपाशीं येऊन अडले आहेत. जुन्या आवृत्तींत त्यांच्या एका चुलत आजोबांच्या नांवापुढें ‘ख्रिस्ती झाले, पुढील माहिती नाहीं’ एवढेंच छापलेलें आहे. पत्नीचें नांव नाहीं, मुलांचीं नाहींत. वंशवृक्षावर त्या जागीं एक आडवी रेघ ओढलेली आहे.

आतां माहिती मिळाली आहे, आणि हीच अडचण होऊन बसली आहे! नगर जिल्ह्यांतील राहात्याहून एका बाईंचें पत्र त्यांना आलें. त्या चुलत आजोबांची ही पणती. आपली पणजी मिशनच्या शाळेंत शिकवीत असे, तिनें राहात्याच्याच बाजूला देह ठेवला, असें सांगून बाईंनीं मुलानातवंडांचीं नांवें जन्मसालांसह लिहून धाडलीं आहेत. घराण्यांतील कांहीं वडीलधाऱ्यांचें म्हणणें असें कीं, ही शाखा येथें खुंटली असें छापून मोकळें व्हावें. दुसऱ्या कांहींचें म्हणणें, पुरुष जन्मानें आपला, तेव्हां त्याचें नांव राहूं द्यावें; पण ती बाई जन्मानें दुसऱ्या घराण्यांतली आणि धर्मानेंहि उरली नाहीं, तिला कुलवृत्तांतांत आणण्याचें प्रयोजन काय? ‘आपण या सदरांतून कांहीं लिहावें’ अशी त्यांची सूचना आहे.

कुलवृत्तांताच्या शास्त्रांत मला गति नाहीं. परंतु राहात्याचें नांव वाचतांच एक जुना प्रवास आठवला. नगरहून, म्हणजे आतांच्या अहिल्यानगरहून, मनमाडकडे जाणाऱ्या रस्त्यावर राहुरी, कोल्हार, बाभळेश्वर अशीं गांवें मागें टाकीत आपण राहात्यास येतों. शिर्डीस जाणारीं आपल्यांतलीं कितीतरी कुटुंबें येथें गाडी थांबवून पेरू घेतात, ते मीठ लावून खात पुढें जातात. मीहि तशीच गेलेली आहें. रस्त्याच्या दोहों बाजूंस गांवोगांव ख्रिस्ती वस्ती आहे, प्रार्थनामंदिरें आहेत, हें दिसत होतें. पण पाहिलें मात्र नव्हतें. पेरू विकणारी बाई माझ्याशीं जी मराठी बोलली ती माझ्या आजोळच्या शेजारणीची मराठी होती. ती कोणत्या देवाला भजते हा विचार मनांत येण्याचें कारणच नव्हतें.

या वस्तीचा इतिहास दोनशें वर्षांच्या आंतबाहेरचा आहे. अमेरिकन मराठी मिशननें १८३१ सालीं नगरला ठाणें केलें. मिशनरी म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें काळा डगला घातलेला, चौकांत वाद घालणारा साहेब उभा राहतो. त्याच्या घरांतील बायकामुलांचा विचार आपल्याकडे फारसा कोणीं केलेला नाहीं. वास्तविक या भागांत जें टिकाऊ काम झालें त्यांतलें बरेंचसें त्या बायकांच्या हातचें. सिंथिया फॅरार ही १७९५ सालीं जन्मलेली अविवाहित बाई १८२७ सालीं मुंबईस उतरली. एकट्या बाईला सातासमुद्रांपलीकडे धाडावें कीं नाहीं याविषयीं खुद्द अमेरिकेंतहि त्या काळीं साशंकता होती. हिनें मुंबईंत मुलींच्या शाळा चालविल्या, १८३९ पासून नगरला तेंच काम केलें, आणि १८६२ सालीं नगरलाच डोळे मिटले. जोतीराव फुल्यांनीं तिच्या शाळा पाहिल्या होत्या, आणि सावित्रीबाई तिच्याकडे अध्यापनाचे धडे घेण्यास गेल्या होत्या. पुण्यांतील मुलींच्या शिक्षणाची आपण जी अभिमानानें आठवण काढतों तिचा एक धागा असा नगरच्या त्या बंगल्याकडे जातो. तिकडे हेन्री बॅलंटाईन यांच्या घरांतील मुली नगरच्या धुळींत खेळून, मराठी बोलूनच मोठ्या झाल्या. एक तर वडाळ्याच्या फेअरबँक साहेबांची पत्नी होऊन याच जिल्ह्यांत संसाराला लागली. १८४२ सालीं ‘ज्ञानोदय’ हें नियतकालिक निघालें तेंहि याच नगरांत व याच बॅलंटाईन यांच्या हातून.

परंतु पत्रलेखकांचा प्रश्न साहेबांच्या मुलींविषयीं नाहीं. तो आपल्या घरांतून गेलेल्या बाईविषयीं आहे. आणि अशी बाई म्हटली कीं जिच्याविषयीं आपल्याला सर्वांत अधिक ठाऊक आहे ती लक्ष्मीबाई टिळक. त्यांचें कांहीं वर्षांचें बिऱ्हाड राहात्यापासून तासाभराच्या वाटेवरील राहुरीस होतें. मिशनच्या संसाराच्या सुखदुःखांत ब्राह्मणाघरची सून कशी वावरली हें त्यांच्याइतकें मोकळेपणानें दुसऱ्या कोणीं सांगितलेलें नाहीं. ‘स्मृतिचित्रें’ आपल्यापैकीं बहुतेक घरांत असतें, शाळेंत त्यांतला उतारा वाचलेला असतो, ‘भारी विनोदी आहे हो’ असें आपण म्हणतों आणि पुस्तक फळीवर ठेवून देतों. हंसूं येतें तें खरें. पण त्या हंसण्याखालीं पांच वर्षांचें एक प्रकरण आहे, त्याकडे एकत्र कुटुंबांत राहणाऱ्या प्रत्येकानें एकदां नीट पाहिलें पाहिजे.

लक्ष्मीबाई म्हणजे नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची मनकर्णिका, घरांतली मनु. जन्म १८६८ चा. वडिलांच्या सोवळ्याला सुमार नव्हता. त्यांच्या सासऱ्यांना १८५७ च्या धामधुमींत फाशी झाली, त्या धक्क्यानंतर विटाळाचें भय त्यांच्या मनांत जें शिरलें तें शेवटपर्यंत निघालें नाहीं. बाजारांतून आलेलें धान्यच काय, मीठसुद्धां धुऊन घेतल्याशिवाय घरांत येत नसे. मीठ धुतल्यावर उरतें काय, हें त्या घरच्या बायकांनाच ठाऊक! अशा घरांत वाढलेली ही मुलगी अकराव्याबाराव्या वर्षीं नारायण वामन टिळकांच्या पदरीं पडली. टिळक बुद्धिमान, कवि, वक्ते, आणि संसाराच्या दृष्टीनें अगदीं वाऱ्यावरचें माणूस. मनांत आलें कीं उठून चालूं लागावें. हातांत पैसा आला कीं समोर दिसेल त्या गरजूला देऊन टाकावा. नाशिक, नागपूर, राजनांदगांव असे फिरतां फिरतां १८९३ सालीं आगगाडींत त्यांना एका गोऱ्या उतारूनें बायबल दिलें, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस त्यांनीं बाप्तिस्मा घेतला.

तेव्हां लक्ष्मीबाईंचें वय सव्वीससत्तावीस वर्षांचें होतें. पदरीं चार वर्षांचा देवदत्त. अक्षरओळख बेताची. नवऱ्याचा आणि त्यांचा जन्मभर वाद झालेला नाहीं असा विषय नव्हता, पण या विषयावर मात्र त्यांना कोणीं विचारलेंच नव्हतें. नवऱ्यानेंहि नाहीं. निर्णय घेऊन तो मोकळा झाला, आणि ही ना सधवा ना विधवा अशी नातलगांच्या दारीं उभी राहिली.

येथें मी नातलगांची बाजू मांडूं इच्छितें, कारण ती सहसा कोणी मांडीत नाहीं. त्यांनीं तिला टाकलें नाहीं. माहेरच्या माणसांनीं, बहिणीच्या घरच्यांनीं तिला आणि तिच्या मुलाला आपल्या घरीं ठेवलें, पंढरपुरास नेलें, जपलें, जिवाला कांहीं बरेंवाईट करून घेईल म्हणून डोळ्यांत तेल घालून पहारा केला. आल्यागेल्याचीं बोलणीं खाल्लीं. ज्याच्या घरीं अशी बाई राहते त्याच्या मुलींचीं लग्नें अडत, हें त्या काळीं सगळ्यांना समजत होतें, तरीहि त्यांनीं ठेवलें. एकत्र कुटुंबाची ही थोरवी कोणीं नाकारूं नये. परंतु त्याच मायेची दुसरी बाजू अशी कीं, तिला नवऱ्याकडे जावेंसें वाटतें का, हा प्रश्न त्या घरांत कोणाच्या तोंडून निघणें शक्यच नव्हतें. तिला अन्न होतें, वस्त्र होतें, धाकटीं मुलें सांभाळण्याचें काम होतें, आणि बोलण्याची सोय मात्र नव्हती. नवऱ्याचीं पत्रें येत, तीं वाचण्यापुरती, उत्तरें लिहिण्यापुरती ती अक्षरें गिरवीत राहिली. मराठीच्या एका मोठ्या लेखिकेची शाळा ती हीच.

कायद्याचें म्हणावें तर इंग्रज सरकारनें दोन कायदे करून ठेवले होते. १८५० च्या कायद्यानें धर्मांतर केलेल्या माणसाचा वडिलार्जित मिळकतीवरील हक्क राखला होता. १८६६ चा कायदा याहून चमत्कारिक. ख्रिस्ती झालेल्या माणसाशीं त्याची पत्नी किंवा पति धर्मांतराच्या कारणानें नांदावयास तयार नसेल, तर त्यानें न्यायाधीशापुढें जावें. न्यायाधीशानें दुसऱ्या बाजूस बोलावून विचारावें. वर्षभर वाट पाहावी. आणि तरीहि नकारच आला तर विवाह मोडून द्यावा, म्हणजे दोघेंहि पुन्हां लग्नास मोकळीं. पुरुषाला याचा उपयोग काय हें उघड आहे. ब्राह्मणाघरच्या परित्यक्तेला त्या काळीं दुसऱ्या लग्नाची मोकळीक म्हणजे काय, तेंहि उघड आहे. टिळकांनीं त्या वाटेनें जाण्याचें नाकारलें. त्यांच्या नांवावर मी संसाराच्या हिशेबांत पुष्कळ उणें मांडीन, पण ही एक रक्कम जमेस धरावी लागते. बायको येईल तेव्हां येईल, म्हणून ते थांबले.

आणि ती आली, पण ख्रिस्ती होण्यासाठीं नव्हे. नगरला मुलाला घेऊन ती वेगळ्या खोलींत राहिली. वेगळी चूल, वेगळें पाणी, स्वतःचें सोवळें. मिशनच्या आवारांत, जेथें बहुसंख्य ख्रिस्ती मंडळी महारमांग समाजांतून आलेली, तेथें गोखल्यांची ही लेक आपलें पाणी आपण भरून, आपल्या हातानें शिजवून खात होती! नवरा भिंतीपलीकडे. हें वाचतांना आपल्याला हंसूं येतें, आणि लक्ष्मीबाईंनींहि तें हंसतहंसतच सांगितलें आहे. पण विचार करा, त्या मंडळींनीं हें चालूं दिलें. तिच्या चुलीला कोणीं नांव ठेवलें नाहीं. आपल्या घरीं आलेल्या त्यांच्यापैकीं एखाद्या बाईला आपण वेगळी चूल मांडूं दिली असती काय? मला वाटतें, मांडूं देणें दूरच. अंगणांत उभी राहूं दिली असती तरी पुष्कळ.

मतपरिवर्तन झालें तें कोणाच्या प्रवचनानें झालें नाहीं. माणसामाणसांत विटाळ देवानें घातला कीं माणसानें, एवढ्या एका प्रश्नाचा त्यांनीं एकट्यानें विचार केला, आणि उत्तर सांपडल्यावर त्याच्या आड येणारी पहिली वस्तु म्हणजे स्वतःची चूल, हें त्यांना दिसलें. आधीं विटाळ गेला, मग १९०० सालीं बाप्तिस्मा झाला. हा क्रम ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. पुष्कळ लोक धर्म बदलतात आणि पाण्याचा हंडा निराळाच ठेवतात. लक्ष्मीबाईंचें उलटें झालें.

तें वर्ष छप्पनच्या दुष्काळाचें, म्हणजे विक्रम संवत् १९५६ चें. नगर जिल्हा होरपळून निघाला होता. आईबाप मेलेलीं, टाकून दिलेलीं पोरें मिशनच्या आश्रमांत शेंकड्यांनीं आलीं. या पोरांना ख्रिस्ती केलें म्हणून आपल्या वर्तमानपत्रांनीं त्या वेळीं पुष्कळ टीका केली. टीकेंत तथ्य नव्हतें असें मी म्हणणार नाहीं. उपाशी मुलाच्या पानांत भाकरीबरोबर धर्म वाढणें मलाहि प्रशस्त वाटत नाहीं. परंतु तीं पोरें ज्या गांवांतून आलीं त्या गांवांत आपलींहि घरें होतीं, आणि पेवांत धान्यहि होतें.

टिळकांच्या घरीं अशीं मुलें येत तीं राहावयासच येत. कोणालाहि हात धरून आणावें आणि ‘हा आजपासून आपला’ म्हणून बायकोपुढें उभें करावें, ही त्यांची रीत. पीठ किती आहे, पांघरुणें किती आहेत, याची वार्ताहि त्यांना नसावयाची. भांडण होई, तें साऱ्या आळीला ऐकूं जाई, आणि मग लक्ष्मीबाई त्या मुलाला न्हाऊं घालीत, उवा काढीत, जेवूं घालीत. नगरला प्लेग आला तेव्हां याच बाईनें मुलांच्या छावणींत आजाऱ्यांची शुश्रूषा केली. धान्य धुऊन घेणाऱ्या बापाची ही लेक गांठ आलेल्या परक्या पोरांचीं अंगें पुशीत होती.

राहुरीला मिशनचें ठाणें जुनें. त्याच हेन्री बॅलंटाईन यांचा याच देशांत वाढलेला डॉक्टर मुलगा तेथें होता. लक्ष्मीबाईंचें बिऱ्हाड राहुरीस गेल्यावर खेड्यापाड्यांतील बायकांशीं त्यांचा संबंध आला. या संबंधांत त्यांची खरी पुंजी कोणती होती? पुस्तकी विद्या नव्हती, इंग्रजी नव्हतें. एकत्र कुटुंबांतून जें घेऊन त्या निघाल्या होत्या तेंच होतें: पंचवीस माणसांचा स्वयंपाक एकटीनें उरकण्याचें बळ, आल्यागेल्याची विचारपूस, बाळंतिणीची काळजी, ओव्या, म्हणी, आणि भांडून झाल्यावर त्याच माणसाला जेवावयास वाढण्याची संवय. आपल्या माजघरांतलें सारें सामान त्यांनीं मिशनच्या घरांत नेलें. देव्हारा तेवढा मागें राहिला.

याच्या उलट उदाहरण हवें असेल तर एलन लक्ष्मी गोऱ्हे हिचें पाहावें. नीळकंठशास्त्री गोऱ्हे हे काशींतील महाराष्ट्रीय पंडित १८४८ सालीं ख्रिस्ती झाले. त्यांची पत्नी मुलीला जन्म देऊन लवकरच वारली. ही मुलगी १८५३ सालची. ती इंग्रज कुटुंबांत वाढली, लहानपणींच विलायतेस गेली, १८८० सालीं परत आली ती हिंदुस्थानांत सेवा करण्यासाठीं. पदें तिनेंहि रचलीं, तीं इंग्रजी जगांत पुष्कळ गाइलीं गेलीं. पण तीं इंग्रजींत. बापाच्या पंडितीचा, आईच्या ओव्यांचा एक शब्दहि तिच्यापर्यंत पोंचला नाहीं. दोघींचा धर्म एकच. एकीची भाषा तुटली, एकीची टिकली. लक्ष्मीबाईंची टिकली याचें श्रेय, मला वाटतें, त्यांच्या हट्टी स्वभावाइतकेंच त्या पांच वर्षांत त्यांना घरांत ठेवून घेणाऱ्या नातलगांनाहि आहे. पुढेंहि नातें पार तुटलें नाहीं; रडारड, रुसवेफुगवे होऊन माणसें येत राहिलीं, जात राहिलीं. पंगतीला वेगळीं बसलीं असतील, पण आलीं.

स्वतः टिळकांनाहि साहेबी थाटाचा ख्रिस्ती धर्म कधीं मानवला नाहीं. अभंग, कीर्तन, भजन यांच्यावांचून मराठी माणसाची भक्ति होऊंच शकत नाहीं असें त्यांचें मत; मराठी ख्रिस्ती उपासनेच्या गीतांत त्यांच्या पदांचा वाटा आजहि मोठा आहे. १९१७ सालीं त्यांनीं मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला. ९ मे १९१९ रोजीं मुंबईस त्यांचा अंत झाला. नोकरी आधींच सुटलेली, शिल्लक टाकण्याचें तर घरांत कोणाला ठाऊकच नव्हतें. लक्ष्मीबाईंनीं मुंबईंत मुलींच्या वसतिगृहावर काम केलें, पुढें मुलाच्या नोकरीमुळें कराचीस राहिल्या. टिळकांनीं ओवीबद्ध ‘ख्रिस्तायन’ आरंभिलें होतें; दहाअकरा अध्याय झाले होते. उरलेले साठाहून अधिक अध्याय या बाईनें लिहिले! जिला लिहिण्याचा श्रीगणेशाच नवऱ्याच्या पत्रांसाठीं करावा लागला, तिनें त्याचें अपुरें काव्य त्याच्या कितीतरी पट लिहून पुरें केलें.

‘स्मृतिचित्रें’ जन्मास आलीं तीं तर निमित्तानें. देवदत्त टिळकांना वडिलांचें चरित्र लिहावयाचें होतें. आईनें आठवणींचीं टिपणें काढून द्यावीं अशी त्यांनीं विनंति केली. टिपणें हातीं आलीं तेव्हां त्यांना उमजलें कीं यांत आपण हात घालण्याजोगें कांहीं नाहीं. पहिला भाग १९३४ सालीं पुस्तकरूपानें निघाला, २४ फेब्रुवारी १९३६ रोजीं लक्ष्मीबाई गेल्या, शेवटचा भाग त्यांच्या मागें छापला गेला. या पुस्तकानें जें केलें तें कोणत्याहि मिशनला किंवा शुद्धीच्या कोणत्याहि चळवळीला जमलें नाहीं. सनातनी घरांतून तें वाचलें गेलें, आज्यांनीं सुनांना वाचून दाखविलें, आणि कोणालाहि असें वाटलें नाहीं कीं आपण परधर्मीय बाईचें पुस्तक वाचीत आहोंत. आमच्या घरचीच एक काकू बोलते आहे असें वाटलें.

आमच्या घरीं माझ्या आजेसासूबाईंच्या हातीं तें पुस्तक प्रथम आलें तेव्हांची एक गोष्ट सासूबाई सांगत असत. आजेसासूबाई रोज दुपारीं दोनतीन पानें वाचून घेत आणि डोळ्यांना पदर लावून हंसत. बाप्तिस्म्याचें प्रकरण आलें तेव्हां त्यांनीं वाचणारीला थांबविलें. घरांतल्यांना वाटलें, आतां पुस्तक बंद होणार. त्या म्हणाल्या, ‘थांब, मी आधीं तांदूळ निवडून घेतें, मग नीट ऐकेन.’ तांदूळ निवडून झाले, मग ऐकलें. त्याविषयीं त्या चांगलें वा वाईट कांहीं बोलल्या नाहींत. मात्र त्यांच्या स्वतःच्या माहेरची एक चुलत बहीण अशीच कोठें गेली होती आणि तिचें नांव घरांत घ्यावयाचें नसे; त्या दिवसापासून त्या तें नांव घेऊं लागल्या. एवढ्यातेवढ्यावरून, ‘आमची अमकी अशीच करी,’ म्हणून. तोंवर सासूबाईंना ती होती हेंहि ठाऊक नव्हतें.

आतां पत्रलेखकांच्या प्रश्नाकडे वळतें. कुलवृत्तांत हें पंचांग नव्हे, कीं त्यांत शुभाशुभ पाहावें. कोण कोणाच्या पोटीं आलें, कोणाचा हात धरून कोण घरांत आलें, याची ती नोंद आहे. परदेशी सुना आपण त्यांत छापतोंच, आणि तें योग्यच आहे. त्या कोणत्या मंदिरांत जातात हें विचारीत नाहीं. जी सून अग्नीला साक्षी ठेवून या घराण्यांत आली, जिनें नवऱ्यामागें जाऊन त्याच घराण्याचीं मुलें वाढविलीं, तिला ‘माहिती नाहीं’ म्हणण्याचा अधिकार माहिती नव्हती तोंवरच होता. ती हातीं आल्यावरहि शाखा खुंटली असें छापणें म्हणजे जिवंत माणसांच्या तोंडावर खोटें छापणें आहे. धर्मांतर झालें, तें झालें असें स्पष्ट लिहावें. झांकूं नये, तसेंच त्यावर टीकाटिप्पणीहि करूं नये. एक शंका मात्र मी त्यांना पत्रानें कळविली. नांव छापण्यापूर्वीं राहात्याच्या मंडळींना तें छापावयास हवें आहे का, हें विचारलें काय? त्यांच्या पणजीला ज्या घरानें रेघ ओढून वगळलें त्या घराच्या वंशवृक्षावर लटकण्याची त्यांना हौस असेलच असें आपण कां धरून चालावें?

त्यांचें उत्तर परवां आलें. त्यांनीं विचारलें होतें. घराण्यांत अजून दोघां वडीलधाऱ्यांचा विरोध आहे, त्यांपैकीं एकांनीं वर्गणी परत मागितली आहे. पण छापील अर्ज राहात्यास गेला आणि भरूनहि परत आला. त्याची प्रत त्यांनीं मला पाहावयास धाडली आहे. पणजीबाईंचें माहेरचें नांव, सासरचें नांव, बाप्तिस्म्यानंतरचें नांव, तिन्ही लिहिलेलीं आहेत. माहेरचें आडनांव वाचून पत्रलेखक चकित झाले, कारण त्यांच्या थोरल्या सूनबाई त्याच घराण्यांतल्या निघाल्या. ‘कुलदैवत’ या रकान्यांत बाईंनीं आडवी रेघ न ओढतां ‘पूर्वींचें’ असें लिहून देवीचें नांव दिलें आहे. तें चार पिढ्या त्यांच्या घरांत कोणीं कशासाठीं लक्षांत ठेवलें असेल? अर्जाच्या पाठीमागें पेन्सिलीनें कांहीं लिहिलेलें दिसलें म्हणून मीं तो उलटून पाहिला. पणजीच्या हातचें मेतकूट घरांत अजून करतात, त्याचें प्रमाण होतें तें: हरभऱ्याची डाळ, उडीद, तांदूळ, गहूं, धने, सुंठ, मेथी, हिंग. खालीं विचारणा होती कीं, तुमच्याकडे यांत मोहरी घालतात का? आमच्याकडे घालीत नाहींत, पण पणजी घालीत असे असें आजी म्हणे.